लव्हाळ्यातल्या फटी

संशय हा हॅना थ्रेलफॉलचा जन्माचा सोबती होता. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तरी ती वाकून बघायची, आणि पाद्री जरा गोड बोलला की याला काय हवंय, या विचारात पडायची. लँकेशरच्या एका कापडछपाईच्या गिरणीत ती पडद्यांच्या कापडाची नक्षी तांब्याच्या रुळावर उतरवायची. आईच्या माघारी धाकट्या नेलीला तिनेच वाढवलं होतं.

त्या वर्षी लोकांना जपानी नक्षीचं वेड लागलं होतं. हॅनाच्या रुळावरही बगळे आणि लव्हाळी आली. लव्हाळ्याच्या काड्या मध्येमध्ये तुटलेल्या, बारीक फटी सोडलेल्या. ही आमच्याच नक्षीकाराची करामत, असं ती अभिमानाने सांगायची. त्या कापडाची तिने उशीची खोळ शिवली. दर रविवारी चहाला येणारा एमॉस, नेलीचा होणारा नवरा, त्याच उशीला टेकून बसायचा. तो नदीपलीकडच्या गिरणीत होता.

मग बाजारात पलीकडच्या गिरणीचं नवं कापड टांगलेलं दिसलं. तेच बगळे, त्याच फटी. हॅनाच्या डोक्यात तिडीक गेली. मग एकेक आठवायला लागलं. हा उशी मांडीवर कशाला घेत होता? खिशात पेन्सिल कशाला? आणि परवा केक नको का म्हणाला?

"तो तुझ्यासाठी येत नाही," तिने नेलीला बजावलं. "आमची नक्षी चोरायला येतो. उद्या गिरणीवाले माझ्याकडेच बोट दाखवतील."

नेली खूप रडली आणि तिने अंगठी परत पाठवली. एमॉस दाराशी आला, तेव्हा हॅनाने त्याला उंबरठ्यावरूनच वाटेला लावलं.

हिवाळ्यात ती काही कामासाठी नक्षीकाराच्या खोलीत गेली. टेबलावर तपकिरी जाड कागदाचा जपानी साचा पडला होता, कागद कोरून केलेला. तेच बगळे. काड्यांमधल्या फटींच्या जागी न कापता ठेवलेल्या कागदाच्या चिंचोळ्या पट्ट्या होत्या, तिथे रंग उतरत नसे. त्या नसत्या तर साचा फाटून हातात आला असता. नक्षीकार सहज म्हणाला, लिव्हरपूलचा एक व्यापारी अशा साच्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकतो, पलीकडच्या गिरणीवालेही त्याच्याकडूनच घेतात. हॅनाला आधी नक्षीकाराचाच संशय आला. पण साचा डोळ्यांसमोर होता.

घरी येऊन तिने नेलीला सगळं सांगितलं. एमॉसकडे जाऊन माफी मागते, म्हणाली. नेली बटाटे सोलत राहिली.

"राहू दे. गेल्या महिन्यात लग्न झालं त्याचं."

"नक्षीचं तू विचारलं होतंस ना त्याला? तेव्हा काय म्हणाला?"

"विचारलंच नाही," नेली म्हणाली. "तू सांगितलंस म्हटल्यावर त्याला कशाला विचारायचं?"