खंडेनवमीला बंद असलेला गाळा

सुनावणीची तारीख एप्रिलमधली लागली, म्हणून मी एप्रिलमध्ये मुंबईला गेले. एरवी या महिन्यात तिकडे जाऊ नका असंच मी सांगेन. घाम सुकत नाही आणि सावली कमी. पण लालबाग पाहायचं असेल तर हाच महिना. वर्षाचा मसाला याच दिवसांत कुटला जातो. रुमाल मात्र सोबत असू द्या. पहिल्या दहा मिनिटांत दहा शिंका येतात, मग येत नाहीत.

चिपळूणहून सकाळची गाडी धरली तर दुपारी जेवायच्या वेळेला दादर येतं. दादरला मी नेहमी एकच गोष्ट करते. थालीपीठ आणि त्यावर पियूष. दोन्ही मिळून दोनशेच्या आत होतं. टेबलावर समोर अनोळखी माणूस बसतो आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मला ते आवडतं.

या वेळी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही. पिशवीत एक पाकीट होतं. त्याबद्दल घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग बस. लालबाग, भायखळ्यावरून जाणारी घ्या. टॅक्सीपेक्षा तासभर जास्त लागतो, पण खिडकीतून शहराचा कणा दिसतो. परळला जुन्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या पायाशी पत्र्याच्या छपरांची रांग आहे. गिरगावात पोचायला शेवटी थोडं चालावं लागतं.

गिरगावात माझे सुधाकरकाका राहतात. आमचं घराणं कारकुनांचं. पणजोबा, आजोबा, माझे वडील, सगळे टेबलामागे बसले. काका धाकटे. आमच्यात ज्याच्या बोटांना शाईऐवजी तेल लागलं असे ते पहिले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर गाळा घेतला, लोखंड कातायचे दोन लेथ बसवले आणि डंकांचे सुटे भाग करायला सुरुवात केली. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. एका आडव्या दांड्यावर फिरणारे कॅम लोखंडी मुसळं उचलतात आणि सोडतात. कॅम झिजतात, दांडा ज्या कड्यांत फिरतो ते बुश झिजतात. ते बदलले की डंक पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. लालबागपासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी गिरण्यांचे डंक काकांच्या भागांवर चालतात. चिपळूणला माझ्या घरामागे सुलभाताईंची गिरणी आहे, तिचाही.

ती चाळ आता पाडायची आहे. नव्या इमारतीत प्रत्येक चालू गाळ्याला गाळा मिळणार. कोणता गाळा चालू हे ठरवायला पाहणी झाली. पाहणीचा माणूस आला तो खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात आणि बटण दाबत नाहीत. माणसाने पेढा खाल्ला, थोडा वेळ उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं. काकांनी दुसरा पेढा दिला, तो त्याने खाल्ला नाही. यादी लागली तेव्हा काकांच्या नावापुढे लिहिलं होतं: गाळा बंद, उत्पादन नाही, अपात्र.

अपिलाचा अर्ज मी लिहिला. मी कॉलेजात मराठी शिकवते. शिवाय आमच्या घरात अर्ज लिहिणं हा जवळजवळ कुळाचार आहे. कच्चा मसुदा जेवणानंतर मोठ्याने वाचायचा, प्रत्येकाने एक शब्द कापायचा, मग पक्का करायचा. तो अर्ज मी फोनवर वाचून दाखवला होता. काकांनी एक ‘कृपया’ कापला. काकू म्हणाल्या, “भाऊजी असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं.” भाऊजी म्हणजे माझे वडील. मला अभिमान वाटला होता. खोटं का लिहू?

त्या संध्याकाळी गिरगावात आम्ही तोच अर्ज पुन्हा वाचला. या वेळी कोणी काही कापलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने लालबागला गेलो. मसाल्याच्या दुकानांसमोर टॅक्सीवाला थांबायला तयार नसतो, त्याचे डोळे चुरचुरतात. अलीकडे उतरून चाला. पोत्यांतून बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या. बायका देठ खुडत बसलेल्या असतात. भाव विचारा, पण घासाघीस जपून करा.

“ताई, वास घ्यायचे पैसे नाहीत. घ्या पोटभर,” एक जण म्हणाली. “घ्यायचं नसेल तर सावली सोडा.”

मी सावली सोडली.

गाळ्यात लेथ चालू होते. दत्ताराम कॅम घासत होता. हा काकांचा फोरमन, कुडाळचा, सुरुवातीपासून इथे. त्याच्या हाताखाली सहा जण. माझ्याकडे पाहून त्याने हात पुसले.

“बाय, अर्ज तुमी लिवलास ना? मग काय भ्या नाय.” मग थांबून म्हणाला, “खंडेनवमीक मशीन चालवतत काय? ह्यां त्येंका ठावक नाय?”

“ठाऊक आहे रे,” काका म्हणाले.

शेजारच्या गाळ्यात पाटकर पुठ्ठ्याची खोकी करतात. त्यांच्याकडेही त्या दिवशी पूजा होती, हार होते, यंत्र बंद होतं. यादीत त्यांच्या नावापुढे ‘चालू’ आहे. ते चहा घेऊन आले. एक कप काकांच्या हातात दिला.

“सुधाभाऊ, मी त्या दिवशी पेढ्याबरोबर पाकीट दिलं,” ते म्हणाले. “तुमच्या भिंतीपलीकडेच. तुम्हाला हाक मारायला हवी होती.”

“मारली असती तर मी आलो नसतो.”

“तेच. म्हणून नाही मारली.”

“चहात साखर जास्त आहे, पाटकर.”

“आहे खरी.”

दोघांनी चहा संपवला.

सुनावणी त्याच दिवशी होती. कार्यालयाचं नाव आणि ठिकाण लिहीत नाही. तिथे सहल म्हणून कोणी जाणार नाही. बाकावर आमच्याआधी नऊ जण होते. एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ बाकाबाकावर बसून चौकशी करत होता. तो तिथे नोकरीला नव्हता, पण शिपाई त्याला पाणी आणून देत होता.

“काका, फेरपाहणी होऊ शकते,” तो म्हणाला. “साहेब माणूस वाईट नाही. नुसता कागद काय बोलणार? कागदाच्या मागे कोणी उभं लागतं.”

“याच्यामागे हिचे आजोबा उभे आहेत,” काका म्हणाले.

“कुठे असतात?”

“नसतात.”

तो गृहस्थ हसला आणि पुढच्या बाकावर गेला. मी पिशवीच्या चेनला हात लावला. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“तुझ्या पिशवीत काय आहे ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “राहू दे तिथेच.”

“काका, सात जणांची घरं आहेत.”

“मीही मोजतो ती. रोज.”

“मग?”

“आज पाहणीसाठी दे. उद्या चावीसाठी, परवा विजेच्या मीटरसाठी. लेथवर काय करू मी, कॅम की पाकिटं?”

चेन अर्धी उघडी होती. ती मी लावली. ती लावायला नको होती असं अजून कधी कधी वाटतं.

अधिकारी तरुण होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं. विजेची बिलं, कामगारांचे हजेरीपट, गिरण्यांची पत्रं, सगळं आम्ही जोडलं होतं. त्याने ते उलटलं नाही. अर्ज तेवढा पुढे ओढला.

“फार छान लिहिलाय. कोणी लिहिला?”

“मी,” मी म्हणाले.

त्याने एका वाक्याखाली पेन्सिल फिरवली आणि वाचलं. “‘पाहणीच्या दिवशी खंडेनवमी असल्याने परंपरेनुसार यंत्रे बंद होती.’ म्हणजे बंद होती. अर्जदारालाच मान्य आहे. मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय, मी काय करणार?”

“पुढचं वाक्य वाचा ना. उरलेले सगळे दिवस—”

“पाहणी उरलेल्या दिवशी नव्हती.”

“शेजारचा गाळाही बंद होता त्या दिवशी,” मी म्हणाले. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“कोणता?” अधिकाऱ्याने पेन्सिल उचलली.

काका म्हणाले, “कोणता नाही. ती बाहेरगावची आहे, तिला माहीत नाही.”

अपील फेटाळलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली असतील.

माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याने लिहिलं असतं की यंत्रं चालू होती. बिलं त्याच्याच बाजूने बोलली असती. पण आमच्या घरात अर्ज म्हणजे शपथ. पलीकडे बसलेला माणूसही आपल्या आजोबांसारखाच वाचणार, हे आम्ही धरून चालतो. हे फक्त आम्हीच करू शकतो.

जिन्यावर मी म्हणाले, “काका, ते वाक्य नको होतं.”

ते दोन पायऱ्या उतरले. “वाक्य बरोबर होतं,” ते म्हणाले.

परत टॅक्सी केली नाही. काकांना चालायचं होतं. ऊन नसेल तेव्हा हा रस्ता चाला. नायगावात जुन्या चाळींशेजारी नव्या इमारती वर चाललेल्या दिसतात. भोईवाड्यात कोर्टाबाहेर वकील उभ्याने लिंबूसरबत पितात. आम्हीही प्यायलो. देवळाच्या ओट्यावर थोडं बसलो. काका चालता चालता दाखवत होते. इथे साचे करणारा सुतार होता. इथे पट्टा शिवणारा. ही खानावळ, इथे आमची पोरं जेवतात. नकाशा दाखवावा तसं सांगत होते, तक्रार नव्हती. मला एवढंच कळत गेलं की गाळा एकटा नसतो. सुताराशिवाय साचा नाही, साच्याशिवाय ओतकाम नाही, ओतकामाशिवाय कॅम नाही, आणि कॅमशिवाय दोनशे-तीनशे किलोमीटरवर एका बाईची गिरणी नाही. एका माणसाने दुसरा पेढा न खाता लिहिलेला एक शब्द एवढ्या लांब जातो.

शेवटी कॉटन ग्रीनला आलो. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली जुनी गोदामं तिथे अजून आहेत. रुंद रस्ते, गर्दी कमी, मुंबईत असल्यासारखं वाटत नाही. फोटोसाठी संध्याकाळी जा. एका गोदामासमोर काका थांबले. तिथल्या माणसाने त्यांना ओळखलं.

“रविवारीच ना? टेम्पो सांगून ठेवलाय.”

“रविवारी,” काका म्हणाले.

लेथ इथे येणार होते. मग दुसऱ्या राज्यातला एक व्यापारी ते नेणार होता.

“टेम्पो कधी सांगितलात?” मी विचारलं.

“तारीख लागली त्या दिवशी.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

“अर्ज तुझा होता,” ते म्हणाले. “तो वाचला जाताना तू तिथे असायला हवी होतीस.”

गाळ्यात परतलो तेव्हा दत्ताराम लेथवरच होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लेथकडे वळला. हातातला कॅम पूर्ण केला. मग बुशचा जोड कापडात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला.

“चिपळूणच्या ताईंचो. त्येंचो डंक आवाज करता म्हणान फोन इल्लो.”

“तू कुठे जाणार?” मी विचारलं.

“कुडाळाक. थंय आंबो आसा, घर आसा. लेथ नाय.”

बुश मी पिशवीत ठेवला, पाकिटावर. वजन अपेक्षेपेक्षा जास्त होतं.

परतीची गाडी पकडताना दादरला काही खाल्लं नाही. चिपळूणला उतरले तेव्हा खांदा दुखत होता. पाकीट कपाटात परत ठेवलं. बुश घेऊन गिरणीत गेले.

सुलभाताईंच्या दारात मिरच्यांचे डबे रांगेत होते. डंक तीन दिवस बंद, ऐन हंगामात. मेस्त्रीने तासाभरात बुश बसवला. ताईंनी हात लावून पाहिला.

“अगदी बरोबर बसला. हा किती चालेल?”

“पाच-सहा वर्षं, असं काका म्हणतात.”

“आणि मग?”

मी सांगितलं. गाळा गेला. आता बाहेरून आख्खं यंत्र मिळतं, सुटा भाग मिळत नाही. मीटरशेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले नंबर होते. मेस्त्रीचा, गॅसचा, वायरमनचा. सगळ्यात वर ‘लालबाग, सुधाकरशेठ’.

“पुसू का?” त्यांनी पदराचं टोक धरून विचारलं.

“पुसा,” मी म्हणाले. खरं तेच होतं.

ताई पदर घेऊन भिंतीपर्यंत गेल्या. मग पदर सोडला आणि बटण दाबलं. मुसळं एकामागून एक उचलली गेली आणि पडू लागली. मी रुमाल काढला. तिखटाची धूळ भिंतीवर बसत होती, नंबर अजून वाचता येत होता.