डांबरावर रॉकेल

नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी मी दोन गोष्टी केल्या. गाडी चालवायला शिकले आणि सोसायटीचा रस्ता विरघळवला. पहिल्या गोष्टीचं कौतुक कोणी केलं नाही. दुसरीची चर्चा नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरला दोन दिवाळ्या पुरली.

तेहतीस वर्षं मी उरणच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. पनवेलहून जाणं-येणं एसटीने. ती चुकली तर सहा आसनी रिक्षात दहावी म्हणून घुसायचं, डबा मांडीवर, पर्स पोटाशी, पुढे टँकर आणि मागेही टँकर. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की एक दिवस याच रस्त्याने मी स्वतःची गाडी चालवत जाईन, काच खाली करून, कोपर बाहेर काढून. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात. मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. आधीच्या मालकाने तिला चांगलीच पिळून काढली होती, पण मला काय त्याचं? माझ्यासाठी ती नवीच.

आमचे हे भित्रे नव्हते, शांतताप्रिय होते. म्हणजे तेच. मी चालवताना मागच्या सीटवर बसायचे, वरची कडी धरून, डोळे मिटून. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली.

"अगं, हौस आहे तर चालव. पण हिच्यावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी एक जरी भांडण झालं, तर गाडी विकायची."

"कबूल," मी म्हटलं. माझं तोंड ज्यांना ठाऊक आहे ते यावर अजून हसतात.

त्याच उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटपासून मागच्या पार्किंगपर्यंत डांबर पडलं होतं. सेक्रेटरीसाहेबांनी कुठे कुठे खेटे घालून ते करून घेतलेलं. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. रोज सकाळी हात मागे बांधून त्या काळ्याभोर वाटेवरून असे फिरत, की जणू मुलीच्या लग्नाचा मांडव बघताहेत. त्या मांडवात माझ्या गाडीने तेल गाळलं. आधी बशीएवढा डाग, मग ताटाएवढा, मग परातीएवढा.

फलकावर नोटीस लागली: 'काही सभासदांच्या वाहनांतून तेलगळती होत आहे.' अख्ख्या सोसायटीत गळकी गाडी एकच होती. जिन्यात साहेबांनी मला गाठलं.

"बाई, नोटीस वाचलीत?"

"वाचली. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत."

"रविवारच्या मीटिंगपर्यंत डाग गेला नाही, तर तुमची गाडी गेटबाहेर उभी राहील. आणि खरं सांगू का? या वयात हे सगळं कशाला? रिक्षा आहेत की."

"रिक्षा तुमच्यासाठी ठेवल्यात, साहेब. डाग शनिवारी जाईल."

मागे भाजीची पिशवी घेऊन हे उभे होते. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "हे भांडण होतं का?"

"छे! चर्चा होती."

"मग पुढची चर्चा जरा हळू आवाजात कर," ते म्हणाले आणि भेंडी निवडायला बसले. पण मला समजलं. गेटबाहेरच्या अरुंद रस्त्यावर दिवसभर रेतीचे ट्रक. तिथे गाडी ठेवली तर आठवड्यात तिचा आरसा जाणार, मग दार जाणार, मग भांडण, मग अट. माझं कोपर काचेबाहेर काढण्याचे दिवस त्या परातीएवढ्या डागावर अडकले होते.

बुधवारी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन गळती बंद करून आणली. इंजिनाखालच्या बोल्टचा वायसर झिजला होता, एवढंच. आता डाग. आणि इथे त्या अठ्ठावन्न वर्षांच्या शहाणीने जे केलं ते लिहिताना मला आजही पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. आमच्या माहेरी शिलाई मशीनचं वंगण असो, सायकलच्या साखळीचा काळा चिकटा असो, तेलकट डागावर औषध एकच, रॉकेल. घरात रेशनचं रॉकेल कॅनमध्ये पडूनच होतं. मी साडी खोचली, अर्धा कॅन डागावर ओतला आणि जुन्या परकराचं फडकं घेऊन घासायला बसले.

फडकं भराभर काळं व्हायला लागलं. मी हरखले. दुसरं फडकं, तेही काळं. तिसरं तर विचारूच नका. वरून, गॅलरीतून ह्यांनी विचारलं, "जातोय का गं?"

"जातोय म्हणजे काय, धावतोय!"

डाग कुठला धावतोय? रस्ता धावत होता. त्या काळ्या फडक्यांत साहेबांचं डांबर होतं.

आता ऐका. हीच बाई दरवर्षी नववीच्या वर्गात खनिज तेलाच्या मनोऱ्याची आकृती काढायची. वर पेट्रोल, मधे रॉकेल, तळाशी डांबर. एकाच तेलाची ही भावंडं, मुलांनो, एकमेकांत सहज मिसळतात. आकृतीला नावं दिली नाहीत तर ही बाई मुलांचे गुण कापायची. आणि स्वतः काय केलं? भावाची बहिणीशी गाठ घालून दिली, वर मायेने घासलंही. तेहतीस वर्षं शिकवलेलं नेमकं त्या सकाळी डोक्यात आलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्या दिवशी गेटमधून आत आलं असतं, तर मी डिकीत लपले असते.

दुपारी ऊन तापलं तसा तो भाग शिऱ्यासारखा मऊ झाला. संध्याकाळी साहेब पाहणीला आले. पाऊल उचललं, चप्पल खालीच राहिली.

"बाई! हे काय आहे?"

"प्रयोग," मी म्हटलं. कबूल करण्याची माझी सवय तेव्हाही नव्हती.

साहेब एका पायावर उभे राहून चप्पल ओढत होते. "रविवारी बघू," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पहिल्यांदाच दुखावल्यासारखा वाटला, आणि मला जरा, अगदी जराच, वाईट वाटलं.

गुरुवारी आमच्या कोपऱ्यावर रस्त्याचं काम सुरू होतं. खड्डे बुजवणाऱ्या टोळीची मुकादम ओवे गावची एक बाई होती. डोक्याला टॉवेल, पायात पुरुषी बूट, तोंडात मिसरी. तिच्याजवळ जाऊन मी सगळी हकिगत सांगितली. ती फावड्याला टेकून इतकी हसली की टोळीतल्या बायका काम टाकून जवळ आल्या.

"अगो, ऐकलंत काय? ह्या काकीनं डांबरावर रॉकेल वतलं! काकी, आमी सांजला हातपाय कशानं धुतो ठाव हाय? रॉकेलनंच! डांबर काढाया दुसरं काय लागतंय नाय."

"मी शिक्षिका होते," का कोण जाणे, मी सांगून टाकलं.

"मग त्याला काय? आमीपण अंगठा लावतो, तरी रस्ता करतो."

तिने मला सगळं नीट समजावलं. जिथे डांबर अजून घट्ट आहे तिथलं तेल आधी कोरड्या मातीने शोषून घ्यायचं, घासायचं नाही. मग कपड्याची पावडर, ताठ ब्रश आणि भरपूर पाणी. जिथे मऊ पडलंय ते खरवडून काढायचं, तळापर्यंत. "शनवारी डांबर-खडीचा गरम माल येनार हाय. घमेलं घेऊन ये. पन लवकर नेलं पाहिजे, थंड झाला का दगड."

शोषायला माती म्हणून घरात सापडली ती मुलतानी. सुनेने दिलेला मोठा डबा, चेहऱ्यासाठी. माझ्या तोंडाला लावून दोन वर्षांत फरक पडला नव्हता. शुक्रवारी डागाच्या कडेने तिचा जाड थर दिला, तर दुपारपर्यंत माती तपकिरी झाली आणि खालचं डांबर उजळलं. ती झाडून काढली, पावडर टाकून घासलं, धुतलं. मग उलथन्याने मऊ भाग खरवडला. पोळपाटाएवढा खड्डा झाला. शेजारणी गॅलरीतून बघत होत्या. बघू दे.

शनिवारी डिकीत ओलं गोणपाट अंथरलं, त्यावर लोखंडी घमेलं, घमेल्यात वाफाळता माल. कोपऱ्यापासून गेटपर्यंत मी अशी गाडी आणली, की मागच्या सीटवरच्या ह्यांचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडे होते. रिक्षातून आणलं असतं का कोणी हे? माल खड्ड्यात ओतला, फावड्याने चोपला. पण दाबायला रोलर कुठला?

मुकादमीणबाईने त्याचीही वाट सांगून ठेवली होती. "तुजी गाडी हाय ना? तीच फिरव वरून. चाकाला पानी लाव, नायतर माल चिकटंल."

मग माझा शांतताप्रिय माणूस तांब्या घेऊन गाडीच्या शेजारून चालू लागला. पुढच्या चाकावर पाण्याची धार, मागच्या चाकावर धार. "ये, ये, ये... थांब! आता मागे!" इतक्या मोठ्याने ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. एका शेजारणीला वाटलं दसऱ्याआधीच वाहनपूजा चाललीय, ती फुलं घेऊन खाली आली.

सेक्रेटरीसाहेब धावत आले. "बाई, गाडी तिथेच का नाचवताय?"

"रोलर आहे तो. बाजूला व्हा, चप्पल जाईल."

रविवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विषय काढलाच. डाग गेला हे मान्य, पण मुळात रस्ता बिघडवला कोणी? मी उठणार तेवढ्यात हे उठले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बोलले.

"बिघडवला आम्ही, केलाही आम्ही. तुमच्या चपलेचं वाईट वाटतं, साहेब. पण गाडी जागेवरच राहील. बाहेर काढायची असेल तर आधी माझ्याशी भांडावं लागेल."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहीत 'डाग: निकाली' असं लिहिलं आणि पाण्याच्या टाकीचा विषय घेतला. घरी येताना मी ह्यांना विचारलं, "हे भांडण होतं का?"

"चर्चा होती," ते म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी सोसायटीने डांबर उखडून पेव्हर ब्लॉक बसवले. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होते. अख्खी वाट एका सकाळीत उखडून निघाली. माझा पोळपाटाएवढा तुकडा मात्र कामगारांनी घाम गाळला तरी सुटेना. "हे कोणी भरलंय?" त्यांच्यातला एक वैतागून ओरडला. मी कप खाली ठेवला, किल्ली घेतली आणि ह्यांना हाक मारली. उरणला मासे आणायला जायचं होतं. आता ते पुढच्या सीटवर बसतात, कडी अजून धरतात.