पोलोन्नारुवातलं कुंकू

अन्याय झाला तो पोलोन्नारुवाच्या एका पडक्या मंदिरातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. गेल्या फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोनच्या सुमाराला. करणारे आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. कॅनडातल्या हॅमिल्टनचा बर्फ चुकवायला श्रीलंकेला गेलेलो.

सिंहली राजांची ही जुनी राजधानी. राजवाड्याच्या जाडजूड भिंती उरल्यात, छप्पर नाही. मंदिरात अनवाणी जायचं आणि दगड तव्यासारखा तापलेला. पहारेकऱ्यानं आईचे सुजलेले पाय पाहिले आणि तिला भिंतीच्या सावलीसावलीनं आत नेलं. "स्लो, अम्मा, स्लो," एवढंच म्हणत होता.

आत दगडी बुद्ध, चेहरा झिजलेला. पहारेकरी बाबांना कोरीवकाम दाखवायला वळला, तेवढ्यात आईनं पर्समधून डबी काढली आणि बुद्धाच्या अंगठ्याला कुंकू लावलं.

"आई! काय करतेस?"

"अगं, विष्णूचा नववा अवतार ना? नुसताच नमस्कार कसा करू?"

मी बाटलीतलं पाणी ओतून पुसायला गेले, तर लाल रंग आणखीच पसरला, दगडाच्या भेगांत शिरला. पहारेकऱ्यानं पाहिलं. ओरडला नाही. गुडघ्यांवर बसून स्वतःच्या शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. नेमका तेव्हाच त्याचा साहेब आला. सिंहलीत बरंच काही बोलला. मग आमच्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "हे कोणी केलं?"

पहारेकऱ्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "आम्ही आत्ताच आलो." आईनं डबी मुठीत घट्ट धरली. आणि मी? भाडेकरूंसाठी घरमालकांच्या दारात भोंगा घेऊन बोंबलणारी, "गप्प बसणाराही सामील असतो" असं पत्रकात छापणारी मी स्वतःच्या पायांकडे बघत उभी राहिले.

साहेबानं तिथल्या तिथे त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. कोपऱ्यातला जेवणाचा डबा उचलून पहारेकरी फाटकाबाहेर गेला. आम्ही गाडीत बसलो. एसी चालू होता.

परत आल्यावर एका ओळखीच्या काकूंच्या बेसमेंटमध्ये पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा असं जेवण. मी सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "कुंकूच ना गं? रक्त तर नाही सांडलं!" लोक हसले. बाबा ताटातल्या भातात बोट फिरवत राहिले. आई वॉशरूमला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तिथल्या कार्यालयाला मी मेल केला: चूक आमची, त्या माणसाला कामावर घ्या. उत्तर नाही. त्याला काम परत मिळालं का, माहीत नाही. त्याचं नावसुद्धा माहीत नाही, विचारलंच नव्हतं.

तुम्ही जाल तेव्हा त्या दगडांना काहीही लावू नका, मनात कितीही भक्ती असली तरी. आणि हात गेलाच, तर कोणी विचारेल त्याच क्षणी पुढे व्हा आणि म्हणा, "मी केलं." घरी येऊन मेल लिहीत बसू नका. तिथेच बोला, त्या माणसाच्या देखत.