अखेरचे रंग

मनोहरला शेवटचा भेटलो तेव्हा दवाखान्यात त्याला नीट श्वास घेता येत नव्हता, आणि तरी तो पॅलेटबद्दलच बोलत होता. चित्र रंगवता रंगवता छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी ऑटोत घातलं, आणि पॅलेट ओल्या रंगांसकट स्टुलावर राहिली. "तशीच राह्यली बे," तो म्हणाला. "घरी जाशीन तं पुसून टाकजो. कोणाले दिसू देऊ नको." मी म्हटलं, "जीव सांभाळ आधी. पॅलेट काय पळून चालली?" एरवी अशा बोलण्यावर तो हसायचा. त्या दिवशी हसला नाही... दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

आम्ही दोघे तळेगावचे, एका बाकावरचे. पुढे मी वर्ध्यात ग्रंथपाल झालो, तो आंजीच्या शाळेत चित्रकला शिकवू लागला, आणि निवृत्तीनंतर पिपरी मेघेत एकाच गल्लीत राहायला आलो. तो तैलरंगात पिठाच्या गिरणीतली पांढरी झालेली माणसं रंगवी, एसटी स्टँडवरचे बाक रंगवी. लोकांना दिवाणखान्यासाठी सूर्यास्त हवा असे, त्यामुळे चित्रं बहुतेक घरातच राहिली. पण खरी बघण्यासारखी गोष्ट संध्याकाळी घडे. काम थांबलं की तो सुरीने उरलेले सगळे रंग एकत्र ओढी. त्यांचा मातकट करडा गोळा होई, तो उद्याच्या कोऱ्या कॅनव्हासवर पहिला हात म्हणून फासून टाकी. मग टर्पेंटाइनचं फडकं, आणि शेवटी जवसाचं तेल. घरात इतका वास भरे की येणाराजाणारा विचारी, चटणी केली का? वर्षानुवर्षं तेल पिऊन ती लाकडी फळी चिंचोक्यासारखी काळसर, गुळगुळीत झाली होती. मी चिडवायचो, "तुझ्या चित्रापेक्षा ही फळी बरी दिसते." तो म्हणे, "चित्र बिघडलं तं लोकं मनतीन जमलं नाई. फळी घाण दिसली तं मनतीन माणूसच घाण होता."

आपल्याकडे प्रत्येक गावात कोणाच्या तरी जाण्याची वाट पाहणारी एक समिती असते. जिवंतपणी मनोहरच्या प्रदर्शनाला ज्यांना सवड झाली नव्हती, त्यांना शोकसभेसाठी लगेच झाली. समितीचे अध्यक्ष मला घेऊन वहिनींकडे आले. फोटोशेजारी मांडायला काहीतरी हवं होतं. स्टुलावरची पॅलेट पाहून ते हरखलेच. इतक्या दिवसांत रंग वाळून त्यांचे खडे झाले होते. "वा! अखेरचे रंग!" वहिनी फडकं घेऊन पुढे आल्या. "मले पुसाचं जमलंच नाई या दिवसांत. थांबा, पुसून देते." अध्यक्ष म्हणाले, "छे, छे! पुसलेली पॅलेट म्हणजे पोळपाट. लोकांना दिसणार काय त्यात?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, उष्टं ताट कोणी पाव्हण्यापुढं मांडते का?"

मनोहरने दवाखान्यात काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. वहिनींना ते अजून ठाऊक नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर विषय मिटला असता. पण सभेत मला बोलायचं होतं, आणि अध्यक्षांच्या तोंडून निघालेले ते दोन शब्द भाषणाच्या सुरुवातीला किती चांगले वाटतील, हे माझ्या मनात येऊन गेलं होतं. असल्या शब्दांची आयुष्यभर टिंगल केलेला मी... म्हणालो, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, वहिनी." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं.

सभेत पॅलेट मखमलीवर होती, तिला झेंडूचा हार होता, पुढे समई होती. अध्यक्षांनी त्यातल्या निळ्या रंगाकडे बोट दाखवून अनंत आकाशाचा उल्लेख केला. तो निळा सायकल दुकानाच्या शटरचा होता. त्याचं शेवटचं अर्धवट चित्र मी पाहिलं होतं. मीही बोललो. चांगलं बोललो. टाळ्या झाल्या, शोकसभेत होऊ नयेत इतक्या. वहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. नंतर लोकांनी पॅलेटसोबत फोटो काढून घेतले, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ती सगळ्या वर्ध्याच्या मोबाइलवर पोचली.

पॅलेट परत द्यायला मीच गेलो. तेव्हा कुठे दवाखान्यातलं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी पॅलेट माझ्या हातातून घेतली. मग खाली वर्तमानपत्र पसरून सुरी घेऊन बसल्या. वाळलेला रंग निघता निघत नव्हता. मी हात पुढे केला, "आणा, मी खरवडतो." "राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं भाषण झालं ना." मी बसून राहिलो. कागदावर निळे, पिवळे कपचे पडत होते. आता त्यांचा गोळा होणार नव्हता, ते कुठल्या चित्राखाली जाणार नव्हते. शेवटी त्यांनी जवसाचं तेल लावलं...

अजून माणसं भेटायला येतात. बहुतेकांनी तो फोटो पाहिलेला असतो. पाणी देण्याच्या आधी वहिनी आतून पॅलेट आणतात, दाराच्या उजेडात तिरपी धरतात आणि सांगतात, "पाहा, साफच राहे त्यायची. फोटोत दिसते तशी नोती कधी." येणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, तो मान डोलावतो. सभेत ती तशी कोणी मांडू दिली, हे वहिनी कोणालाच सांगत नाहीत. मी तिथेच खुर्चीत बसलेलो असतो.