जांभळी साडी

आईची जांभळी रेशमी साडी, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी, जिला हात लावायचीही मला मनाई होती, तीच साडी आई नाटकासाठी एका परक्या मुलीला नेसवत होती... इचोड्याच्या मुलींच्या वसतिगृहाचं ते जेवणघर, ओल्या फरशीवर सांबाराचा दरवळ आणि तोंडात टाचण्या धरून सुमनच्या पायाशी बसलेली माझी आई.

आई तिथे शिक्षिका होती. कापूस वेचणीला गेल्या की मुली शाळेत परतत नसत; त्या टिकाव्यात म्हणून ती रविवारी त्यांना नाटक शिकवायची. माझे रविवार त्या मुलींचे झाले. त्यातही सुमन – भीमपूरकडची, मान खाली घालून वावरणारी – तिला आई 'माय' म्हणायची. मला नुसतं नावानं.

"मले काऊन नाई घेत नाटकात?" मी विचारलं.

"तुले बोलाले कोन अडवून राह्यलं? तिले आजवर कोनी बोलूच देल्लं नाई."

प्रयोगाच्या दुपारी, पडद्याआड, मी सुमनच्या कानात म्हटलं, "आईले तुही कीव आली, म्हनून घेतलं तुले."

ती तशीच रंगमंचावर गेली. शाळा सोडावी लागलेल्या मुलीची भूमिका होती तिची. पहिल्याच वाक्याला ती गप्प झाली – आणि माझ्या मनात, आज सांगायला लाज वाटते, आनंदाची एक थंड लहर उठली. आईनं पडद्याआडून वाक्य पुरवलं नाही, सुमनची वाट पाहिली. मग सुमननं मान वर केली आणि समोर बसलेल्या आपल्या वडिलांकडे पाहून, नाटकात नव्हतंच ते बोलली, "बाबा, सुट्टीत येईन मी कापूस येचाले. पन शाळा नका सोडवू माही."

वडील तिला न्यायला आले होते, एकटेच परतले. आईनं तिला छातीशी धरलं. मी काय म्हटलं होतं, ते सुमननं कधीच सांगितलं नाही. त्या मोठेपणाचाही मला राग आला.

आता सुमन गावोगावच्या मुलींना नाटक शिकवते. मागच्या वर्षी आई गेली, तेव्हा ती भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "मॅडमले लहानपनी नाटकात काम कराचं होतं. घरच्यायनं करू देल्लं नाई. तुमाले तं मालूम असंल."

मी माहीत असल्यासारखी मान हलवली... मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी आईला हे कधी विचारलंच नव्हतं.