एकोणीस तारखेची ओळ

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या बाईला गल्लीत सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडात सदा टाचण्या, आणि त्या काढल्या की बोलणंही तसलंच. पण त्या आठवड्यात तिच्या पायाला भिंगरी लागली होती. मशीनवर बसे, उठे, भिंतीवरची शाल सारखी करी, पुन्हा बसे.

शाल परवा वाचनालयातल्या प्रदर्शनात लागायची होती. वर्षभर रोज दुपारी दारातल्या तापमापकावरचा पारा बघायचा, वहीत लिहायचा आणि त्या रंगाची एक ओळ विणायची. गारव्याला निळी, उन्हाला केशरी, चाळिशीच्या वर मरून. महिना बदलला की एक पांढरी. मरूनचा एकच गुंडा तिने आणला होता, कारण आईच्या वेळी असला तडाखा वर्षातून चार-पाच दिवसच असायचा. यंदा ऐन उन्हाळ्यातल्या एका पंधरवड्यातच गुंडा संपला. दुकानदाराकडे ती छटा उरली नव्हती.

"केशरी घाला की," जावई म्हणाला. "ओळी मोजत कोण बसणार आहे?"

तिने अकरा ओळी केशरी घातल्या. वहीत खरं, शालीत खोटं. अळीमिळी गुपचिळी! त्यानंतर दोन महिने वीण वाढत गेली आणि मनाची टोचणीही.

मोजत बसणारी निघाली शेजारच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्याची बायको. तिचा नवरा मरून लोकर संपली त्याच महिन्याच्या एकोणीस तारखेला, भर दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळला तो उठलाच नाही. 'ऊन कसलं, माणूसच नाजूक होता,' म्हणून मालकाने हात झटकले होते. त्या सकाळी ती टाचणीबाईच्या दुकानात आली आणि त्या महिन्याच्या पांढऱ्या ओळीपासून बोटाने मोजू लागली. एकोणीसवर थांबली.

"केशरी? म्हणजे त्या दिवशी फार नव्हतंच, ताई. मालक खरंच बोलले म्हणायचे."

टाचणीबाईला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने वही उघडून पुढे धरली.

"त्रेचाळीस होतं, वहिनी. लोकर संपली म्हणून मी खोटं विणलं."

वहिनी वहीतल्या आकड्याकडे बघत राहिली. "मग उसवा."

मधली ओळ बदलायची तर वरचे दोन महिने उसवावे लागणार होते. टाचणीबाईने वाचनालयाला फोन करून आठवडा मागून घेतला. मग ट्रंकेतून स्वतःचा मरून स्वेटर काढला. तीन वर्षं त्याला हात लागला नव्हता. घालण्याजोगी थंडी पडली कुठे होती? तिने बाहीचा टाका कापून धागा ओढला, आणि वहिनी न सांगता समोर बसून गुंडाळू लागली.

शाल लागली त्या दिवशी लॉन्ड्रीचे मालकही आले. छान, छान म्हणाले. वहिनीने त्यांना त्या महिन्याची पांढरी ओळ दाखवली.

"इथून मोजा, साहेब. एकोणीसपर्यंत."

चार लोक बघत होते, म्हणून मालक मोजू लागले. सतराला त्यांनी बोट काढून घेतलं.

"अजून दोन," वहिनी म्हणाली.