कोंबडीचा नियम

अंडी उबवणी केंद्रात त्याची उभी हयात गेली. एका दिवसाच्या पिल्लांचा रंग बघून नर-मादी वेगळे करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडीवरून ठरतं, हे तिथेच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आणि तोच नियम त्याने घरी लावला. तीन मुली झाल्या, तसे बायकोला उठता-बसता टोमणे सुरू झाले. ती बिचारी मान खाली घालून ऐकून घ्यायची.

तिला जाऊन वर्ष झालं, तरी जेवताना तो म्हणालाच, "तुझ्या आईने एक मुलगा दिला असता तर."

जनावरांची डॉक्टर झालेली धाकटी भडकली. "बाबा, ते पक्ष्यांत. माणसांत बापावरून ठरतं."

त्याचा घास हातातच राहिला. त्याने विचारलं, "तिला माहीत होतं?"

"दहावीत शिकले, तेव्हाच सांगितलं होतं मी."

"मग बोलली का नाही कधी?"

"म्हणाली, त्यांना सांगू नकोस. पिल्लांतलं आपल्याला सगळं कळतं, एवढाच एक अभिमान आहे त्यांच्याजवळ."